जावा १७ : अख्ख्या सर्व्हरला की एकट्या सॉफ्टवेअरला?

जावावर चालणारं नवं सॉफ्टवेअर टाकलं, त्याची सर्व्हिस सुरू केली आणि दोन सेकंदांत मेली. लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर’. सॉफ्टवेअरची क्लास फाइल (तयार जावा कोड) ६१.० ची आणि आपली रनटाइम, म्हणजे मशीनवरची जावा, ५२.० पर्यंतच ओळखते. इथवर आलेल्याला दुखणं कळलेलं असतंच. आकड्यातून ४४ वजा करायचे. ६१ म्हणजे जावा १७, ५२ म्हणजे जावा ८. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ (जावा सॉफ्टवेअर बनवायचा तयार सांगाडा) आलं, त्याला १७ च्या खालचं चालतच नाही, त्यामुळे हे आता बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. प्रश्न उरतो तो एवढाच, की नवी जावा अख्ख्या मशीनला द्यायची की जो मागतोय त्यालाच.

मी दोन्ही करून पाहिलंय. मानवतजवळच्या एका जिनिंगचा सर्व्हर माझ्याकडे आहे. साधं उबुंटू लिनक्सचं मशीन, त्यावर वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर जावा ८ वर आणि हिशेबाचं नवं, १७ मागणारं.

अख्ख्या मशीनला नवी जावा देणं सोपं, हे आधी मान्य करतो. एक कमांड, सांभाळायला एकच व्हर्जन, टर्मिनलमध्ये विचारलं की जे दिसतं तेच सगळीकडे चालू. मशीनवर एकच सॉफ्टवेअर असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, हेच करा.

माझ्याकडे दोन होती. कापसाच्या ऐन सीझनात, एका संध्याकाळी मी ॲप्टने (उबुंटूच्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) १७ टाकली. ८ काढली नाही. म्हटलं दोन्ही राहतील. राहिल्याही. पण उबुंटूमधली अपडेट-अल्टरनेटिव्हज ही व्यवस्था ऑटोवर असली की वरचं व्हर्जन आपणहून पुढे करते. नुसतं ‘जावा’ म्हणून हाक मारणाऱ्याला त्या क्षणापासून १७ ओ देते. मी काही बदललं नव्हतं, तरी बदललं होतं. आणि मला ते कळलं नाही, कारण हिशेब सुरू झाला आणि काटाही मजेत चालू होता.

काटा चालू होता, कारण चालू असलेली प्रोसेस सुरू होताना घेतलेली जावा सोडत नाही. ती अजून ८ वरच होती. असे पाच-सहा दिवस गेले. मग एका रात्री लाईट गेली, यूपीएसही बसला. सकाळी मुनीमकाकांचा फोन : “भैया, काटा पावती देईना की. गाड्या पार रोडवर गेल्यात.”

लॉगमध्ये ‘जावॅक्स एक्सएमएल बाइंड’ सापडत नसल्याची ओरड होती. जावाचा हा एक्सएमएल हाताळणारा भाग २०१८ मध्ये जावा ११ मधून काढून टाकला, म्हणजे १७ मध्ये तो असणार कुठून? पण लॉग मी उघडला शेवटी. त्याआधी दीड तास काट्याची केबल, सिरियल पोर्ट, लाईटीनं काही उडालं का, हेच बघत होतो. मुनीमकाका कार्बन घालून हाताने पावत्या फाडत होते आणि प्रत्येक पावतीमागे माझ्याकडे एकदा बघत होते. आठवड्यापूर्वी हिशेबाला दिलेली जावा आज काट्याला नडली असेल, हे डोक्यातच आलं नाही.

या पद्धतीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. मोडलं तर लगेच मोडावं. हे मोडतं पुढच्या रीस्टार्टला, तेही ज्याला आपण हातच लावला नाही त्या ठिकाणी.

दुसरी पद्धत म्हणजे प्रत्येक सॉफ्टवेअरला त्याच्या जावाचा पूर्ण पत्ता लिहून देणं. उबुंटू २२.०४ वर ८, ११, १७ शेजारी शेजारी सुखाने नांदतात, प्रत्येकीचं फोल्डर वेगळं. सर्व्हिसच्या फाइलमध्ये किंवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये नुसतं ‘जावा’ असेल तिथे पूर्ण पाथ टाकायचा, सिस्टमडी (सर्व्हिस चालवणारी व्यवस्था) रीलोड करायचं, झालं. ‘जावा होम’ (जावाचा पत्ता सांगणारी सेटिंग) आपल्या बॅश-आरसीमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, लिहून समाधान मानू नका. सर्व्हिस ती फाइल वाचतच नाही.

यात कटकट नाही असं नाही. दोन जावा म्हणजे दोन्हीकडे लक्ष. ॲप्टची असेल तर सुरक्षेचे अपडेट नेहमीच्या अपडेटसोबत येतात, पण झिप उतरवून ऑप्ट फोल्डरमध्ये ठेवली असेल तर जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर असं वर्षातून चारदा हाताने बदलणं आलं. मी एकदा जुलै चुकवलाय. शिवाय तुमच्यानंतर मशीन बघणाऱ्याला हे पाथ सापडले पाहिजेत. मी ते कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत.

डॉकरचं (प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या जावासकट वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये, चालवायचं) म्हणाल तर कागदावर तेच सगळ्यात स्वच्छ, आणि संभाजीनगर-पुण्यात बसून काम करणाऱ्यांनी खुशाल तेच घ्यावं. आमच्याकडे काट्याचा सिरियल पोर्ट कंटेनरमध्ये नेऊन द्यावा लागतो, आणि रात्री काही बिघडलं तर मुनीमकाकांना फोनवर कंटेनर काय ते समजावणं माझ्याच्यानं होणार नाही.

तुमचं मशीन वेगळं, सॉफ्टवेअर वेगळी, तुम्हाला पहिली पद्धत पुरेलही. दुसरी धरलीत तर फक्त क्रम चुकवू नका. आधी जुन्या सॉफ्टवेअरला जावा ८ चा पूर्ण पाथ लिहून द्या, मगच १७ टाका. आणि लाईटीची वाट न बघता मशीन स्वतःच एकदा रीस्टार्ट करा, दुपारी, काट्यावर गाडी नसताना.