डिश ठेवली, फायबर घेतलं, पॅक छाटले: औशातल्या घराचा अनुभव

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. लातूर जिल्ह्यातल्या औशातल्या आमच्या घरात आता स्थानिक केबलवाल्याचं फायबर इंटरनेट आहे. आईच्या खोलीतली डीटीएचची छत्री तशीच ठेवलीय, पण पॅक छाटून. गावाकडच्या घरी डीडी फ्री डिश. हे तिन्ही मिळून, मोबाइलचे पॅक सोडून, महिन्याला साडेसातशेच्या आत बसतं. यापूर्वी दोन टीव्हींचा डीटीएच रिचार्ज आणि घरातल्या चारही मोबाइलचे डेटावाले पॅक यातच याच्या दुपटीहून जास्त जायचे, आणि एवढं घालवून मुलीचा ऑनलाइन क्लास मधेच अडकायचा तो अडकायचाच.

डीटीएचपासून सुरू करतो, कारण पैसे तिथंच सगळ्यात जास्त गळतात. बिलात दोन भाग असतात. एक एनसीएफ, म्हणजे नुसत्या जोडणीचा आकार. दुसरा तुम्ही निवडलेल्या पैशाच्या वाहिन्यांचा. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याची नवी दरपद्धत फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झाली तेव्हा एनसीएफची कमाल मर्यादा १३० रुपये होती. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की १५३ रुपये ४० पैसे. आधी त्यात शंभर वाहिन्या मिळायच्या, २०२० मध्ये दोनशे झाल्या. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादाच काढली, त्यामुळे आता कंपनीगणिक आकार वेगळा. म्हणून रिचार्जच्या दुकानात पॅकची किंमत विचारायच्या आधी एनसीएफ किती ते विचारा. दुसऱ्या टीव्हीला किती लागतो तेही लगेच विचारून घ्या.

दुसरा भाग मात्र आपल्या हातात असतो. आमच्याकडं ‘मराठी-हिंदी फॅमिली’ छापाचा पॅक होता. घरात खरंच काय बघितलं जातं ते फ्रिजवर कागद चिकटवून आठवडाभर लिहीत गेलो. आईच्या स्टार प्रवाह आणि झी मराठीवरच्या मालिका, संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या, सकाळी कीर्तन. बायकोची एक स्वयंपाकाची वाहिनी. संपला विषय. सह्याद्रीला पैसे लागतात असं पुष्कळांना वाटतं, ती फुकट आहे. बातम्यांच्या बऱ्याच मराठी वाहिन्याही फुकट आहेत. मग उरलेल्या चाळीस-पन्नास पैशाच्या वाहिन्या कुणासाठी? दुकानदार शेवटपर्यंत ‘सर, जम्बोच घ्या, ते सुटं सुटं महाग पडतं’ म्हणत होता. सुटं महाग पडतं हे खरं, पण वाहिन्या दहा-पंधराच्या वर गेल्या तर. एखादी वाहिनी गठ्ठ्यात घालायची असेल तर तिची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, असा नियम आहे. चार-पाच वाहिन्या सुट्या घेतल्या तरी कर धरून शंभरच्या आसपासच थांबतं. आमचा पॅक कंपनीच्या अ‍ॅपवरून बदलला. तो पर्याय अ‍ॅपमध्ये आहे, फक्त पार तळाशी.

(डीटूएच, म्हणजे व्हिडिओकॉनची डीटीएच सेवा, म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या लोकांना अजून पैठण रोडवरचं चितेगाव आठवतं. व्हिडिओकॉनचा कारखाना तिथला. आमच्या वडिलांनी रंगीत टीव्ही घेतला तो ‘आपल्या औरंगाबादचा’ म्हणून. २०१८ मध्ये डीटूएच डिश टीव्हीत विलीन झालं, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते.)

आता इंटरनेट. फायबरच्या आधी एका मोठ्या कंपनीचं बिनतारी इंटरनेट घेतलं होतं. गच्चीवर एक डबा लावतात, तो टॉवरवरून सिग्नल घेतो आणि घरात वायफाय देतो. खोदकाम नाही, वायर नाही, बसवून तासाभरात चालू. सकाळी वेग चाळीस एमबीपीएसच्या पुढं दाखवायचा. रात्री आठ ते दहा मात्र चार-पाचवर यायचा. मुलगी अकरावीला, नीटची तयारी करते, लातूरच्या क्लासचे लाइव्ह तास नेमके त्याच वेळी. तक्रार केली की ‘टॉवरवर लोड आहे’ एवढंच उत्तर. यात यंत्राचा दोष म्हणता येत नाही. दोन गल्ल्या सोडून आमचे एक सहकारी राहतात, त्यांच्या गच्चीवरून टॉवर समोर दिसतो, त्यांच्याकडं तेच यंत्र झकास चालतं. म्हणून असलं इंटरनेट घ्यायचं असेल तर शेजाऱ्याकडं रात्री नऊ वाजता जाऊन वेग मोजा. दुपारी मोजलेल्या वेगाला काही अर्थ नाही.

मग केबलवाल्याचं फायबर घेतलं. पन्नास एमबीपीएस, कर धरून महिन्याला पाचशे, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. वेगाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण स्टाफरूममध्ये यावर रोज वाद होतो. पन्नास एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पन्नास एमबी नव्हे. ते मेगाबिट असतात, आठाने भागा, सव्वासहा एमबी. तेवढं पुरतं का? एका टीव्हीवर एचडी चित्र बघायला पाच-सहा एमबीपीएस लागतात. क्लास, टीव्ही आणि दोन मोबाइल एकदम चालले तरी तीसवरही भागतं. शंभरचा आणि दोनशेचा प्लॅन गळ्यात मारायला बघतात, घेऊ नका. ‘अनलिमिटेड’ शब्दाखाली मात्र बारीक अक्षरात मर्यादा असते. बऱ्याच प्लॅनमध्ये ती महिन्याला ३३०० जीबी आहे, आपल्यासारख्या घरात ती संपत नाही. पण स्वस्त प्लॅनमध्ये ती बरीच कमी असू शकते, आणि ओलांडली की वेग दोन-चार एमबीपीएसवर येतो. तेवढं वाचून घ्या.

फायबरचा खरा कस लागतो तो दिवाळीनंतर. आमच्या रस्त्यावरून कारखान्याला ऊस जातो. ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की खांबावरून खांबावर गेलेली वायर त्यात अडकतेच. गेल्या हंगामात रात्री उशिरा एका ट्रॉलीनं आमच्या गल्लीतली सगळी वायर ओढत चौकापर्यंत नेली. सकाळी राउटरशेजारच्या डब्यावर एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत होता. तो लाल दिवा दिसला की राउटर बंद-चालू करत बसू नका. प्रकाशच येत नाहीये, वायर बघावी लागते.

दुपारी लाइनमन आला. खांद्यावर शिडी, पिशवीत जोडणीचं मशीन. तुटलेल्या टोकाचं वरचं आवरण सोलून आतला केसाएवढा काचेचा धागा त्यानं स्पिरिटच्या कापसानं पुसला, मशीनमध्ये दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली, छोट्या पडद्यावर ती एकमेकांना चिकटताना दिसली. मग घरात येऊन वायर मीटरला लावली.

‘गुरुजी, बगा, उणे एकोणतीस यायलंय. ह्याच्यावर नेट चालू होईल, पण टिकायचं नाही.’

‘मग किती पाहिजे?’

‘विशीच्या आसपास आलं म्हंजे बिनघोर. कुठंतरी वायर दुमडलीय.’

दुमडलेली वायर जिन्याच्या कोपऱ्यात सापडली, बायकोनं कपड्यांची दोरी बांधायला तिथंच खिळा मारला होता. वायर सरळ केल्यावर मीटर उणे एकोणीसवर आला. हा आकडा तुम्हीही विचारून लिहून ठेवा. वायरीतून येणाऱ्या प्रकाशाची ताकद ती, डीबीएममध्ये मोजतात. उणे सत्तावीसच्या पलीकडं गेला की नेट पावसासारखं येतं-जातं, आणि फोनवरचा माणूस ‘आमच्याकडून सगळं ओके आहे’ म्हणत राहतो.

म्हणून मी प्लॅनपेक्षा लाइनमनला जास्त मार्क देतो. मोठ्या कंपनीचा प्लॅन शंभर रुपयांनी स्वस्त होता, पण तिचा माणूस लातूरहून येणार. केबलवाल्याचा पोरगा बसस्थानकाजवळ राहतो, त्याचा नंबर आईच्या फोनमध्येही आहे. आमच्या गल्लीत वायर त्यानं आता खांबावर वरच्या अंगाला घेतलीय. पुढच्या हंगामात ती कितपत टिकते, बघू. या केबलवाल्याबद्दल माझी तक्रार एकच. वायर तुटून नेट बंद राहतं त्या दिवसांचे पैसे तो आपणहून कधी वळते करत नाही. मागितले की मुदत वाढवून देतो, पण मागावे लागतात.

लाइट गेली की फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही बंद. औशात उन्हाळ्यात ती किती जाते ते सांगायला नको. राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. घेतलाच पाहिजे अशी ही एकच जोडवस्तू. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या. आमचं मागचं घर जुनं, माळवदाचं, भिंती दोन हात रुंद. तिथं पाच गिगाहर्ट्झचं वायफाय भिंतीतच संपतं, २.४ चालतं, पण हळू. मागच्या खोलीपर्यंत साधी लॅन वायर ओढली आणि तिथं जुना राउटर लावला. वायर, क्लिपा मिळून पाचशेच्या आत काम झालं.

आता प्रश्न येतो, एवढं नेट असताना डिश कशाला? मुलीनं हेच विचारलं. पुढच्या खोलीतल्या साध्या एलईडीला अ‍ॅप चालवणारी स्टिक लावून आम्ही सगळं नेटवरच बघतो. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी फाइव्हवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. म्हणजे चार वाहिन्यांना तीन अ‍ॅप, आणि प्रत्येकाची वर्गणी वेगळी. फुकटात अर्धवट दिसतं, त्यात जाहिराती. प्रसार भारतीचं वेव्हज अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर सह्याद्री दिसतं, ते बरं आहे. पण आईला आठ वाजता आठची मालिका लागते. अ‍ॅप उघडा, प्रोफाइल निवडा, शोधा, एवढ्यात तिची मालिका अर्धी झालेली असते. तिच्या डीटीएचच्या रिमोटवर मी आवडत्या वाहिन्यांच्या आकड्यांना बायकोच्या टिकल्या लावून दिल्यात, लाल प्रवाहला, हिरवी सह्याद्रीला. तिला दुसरं काही नको. महिन्याला अडीचशेच्या आत तिचा टीव्ही तिच्या ताब्यात राहतो, हे मला महाग वाटत नाही. शिवाय नेटवर क्रिकेट अर्धा मिनिट मागं चालतं. शेजारी डिशवर विकेट पडल्याची बोंब होते आणि आमचा बोलर अजून रनअपवरच.

गावाकडं थोरला भाऊ शेती बघतो. तिथं फ्री डिश. छत्री आणि बॉक्स यांचा एकदाच खर्च, दीड हजाराच्या आसपास, मग महिना शून्य. ही सेवा डिसेंबर २००४ पासून आहे, तेव्हा डीडी डायरेक्ट प्लस नाव होतं. तिच्या मर्यादा मात्र माहीत असू द्या. स्टार प्रवाह आणि झी मराठी तिच्यावर नाहीत. खासगी वाहिन्यांच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते, त्यामुळं आज दिसणारी मराठी सिनेमाची वाहिनी एप्रिलनंतर दिसेलच असं नाही. बॉक्स घेताना एमपेग-४ वालाच मागा, जुन्या एमपेग-२ वर काही वाहिन्या येतच नाहीत. आणि छत्रीचं तोंड आमच्या भागात आग्नेयेला लागतं. भावाच्या छत्रीसमोर नेमका लिंब होता. फांद्या वाढल्या की चित्र फुटायचं, छाटल्या की यायचं. शेवटी छत्रीच गोठ्याच्या पत्र्यावर हलवली. जोराच्या पावसात कुठलीही डिश जाते, पैशाची काय नि फुकटची काय. सॅटेलाइटचा सिग्नल पावसाच्या थेंबांत अडतो. पाऊस ओसरला की चित्र परत येतं, मेकॅनिकला बोलवायची घाई नको.

खरी बचत मोबाइलवर झाली, ते कुणी हिशेबात धरत नाही. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले, तेव्हापासून दिवसाला दीड जीबीचा पॅक चौघांना परवडेना. घरात वायफाय आल्यावर आई आणि बायको दोघींनाही नुसत्या कॉल-एसएमएसचा पॅक केला. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये असे पॅक देणं बंधनकारक केलं, २०२५ च्या जानेवारीपासून ते मिळतायत. दुकानात समोर मांडलेले नसतात, नाव घेऊन मागा. मुलीला महिन्याला दोन जीबीवाला. दिवसाच्या डेटाचा पॅक फक्त माझ्याकडं, शाळेचं ऑनलाइन कामच तेवढं असतं.

एकटे राहणारे, भाड्याच्या खोलीतले असाल तर यातलं काही करू नका, मोबाइलचा डेटाच पुरतो. घरात म्हातारी माणसं असतील तर डिश काढायच्या आधी त्यांना विचारा. फायबरचे पुढचे पैसे मी पुन्हा सहा महिन्यांचेच भरणार आहे. केबलवाला ‘वर्षाचे भरा, एक महिना फुकट’ म्हणतोय. पण आमच्या गल्लीत नालीचं काम निघणार अशी चर्चा आहे, आणि जेसीबी आला की वायर कुठं जाईल ते त्यालाही माहीत नाही.