'दांडेलीच्या सॉ मिलमधलं जर्मन मशीन': जुना चेन सॉ घेताना होणारी फसवणूक

खानापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने गेल्या उन्हाळ्यात २२ हजार रुपये मोजून जुना चेन सॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, घेतला. बांधावर वाळलेला फणस आणि दोन जुने आंबे कापायचे होते. मशीन १९७२ सालचं, जर्मनीत बनलेलं आणि दांडेलीकडच्या बंद पडलेल्या सॉ मिलमधून निघालेलं आहे, असं विकणाऱ्याने सांगितलं. "काका, असलं लोखंड आता मिळत नाही बघा." दोरी ओढली, दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं, पैसे दिले. तिसऱ्या दिवशी फणसाच्या बुंध्यात अर्ध्यावर गेल्यावर ते बंद पडलं आणि गरम असेपर्यंत परत सुरूच होईना. खोलल्यावर कळलं की ते जर्मन नव्हतं आणि जुनंही नव्हतं.

ज्या मॉडेलच्या नावावर ही फसवणूक चालते ते म्हणजे श्टीलचं ०७०. अँड्रियास श्टीलने १९२६ साली श्टुटगार्टमध्ये कंपनी काढली. १९५९ साली त्यांनी गिअर नसलेला 'काँट्रा' हा चेन सॉ आणला. ०७० त्याच घराण्यातलं: १०६ सीसी, बोअर ५८ मि.मी., स्ट्रोक ४० मि.मी. मोठी खोडं कापणाऱ्यांनी हे मशीन डोक्यावर घेतलं, म्हणूनच त्याच्या चिनी नकला ढिगाने आल्या. त्या '१०५ सीसी' म्हणून विकल्या जातात. नक्कल नक्कल म्हणून, नव्या किमतीत विकली तर तक्रार नाही. तिला धूळ, ओरखडे आणि एक कहाणी चिकटवून जुन्या मशीनच्या भावात खपवतात, ही खरी फसवणूक.

आपल्याकडे आणखी एक उलटा प्रकार होतो. श्टीलचा कारखाना १९७३ पासून ब्राझीलमध्येही आहे आणि ०७० तिथे बनत होतं. म्हणजे 'ब्राझील' लिहिलेलं मशीन अगदी अस्सल असू शकतं. पण गिऱ्हाईक ते नाकारतं आणि 'जर्मनी'चा स्टिकर लावलेली नक्कल उचलतं. स्टिकर कुठल्याही प्रिंटरवर छापून मिळतो. शिवाय १९९० पूर्वीच्या जर्मन मालावर कधी 'वेस्ट जर्मनी', तर कधी नुसतं 'जर्मनी' असं लिहिलेलं असतं. तेव्हा नुसत्या 'मेड इन जर्मनी'वरून काहीच ठरवू नका. मशीनचा नंबर स्टिकरवर नको, धातूत ठोकलेला हवा, आणि तो अधिकृत डीलरकडे नेऊन विचारा. ०७० च्या मूळ सुट्या भागांचे नंबर ११०६ ने सुरू होतात, पण नकलेवरही हा आकडा ओतलेला सापडतो. त्यामुळे आकडा दिसला म्हणून माल खरा ठरत नाही.

शेतकऱ्याने घेतलेल्या मशीनची चुगली केली ती स्क्रूंनी. केशरी रंग स्क्रूच्या खाचेत उतरला होता, आणि सिलिंडरखालच्या गॅस्केटच्या कडेवरही त्याचा थर होता. कारखान्यात भाग आधी रंगवतात, मग जोडतात. स्क्रूच्या खाचेत रंग असेल तर जोडलेल्या मशीनवर कोणीतरी स्प्रे मारला आहे, आणि कशावर तरी पडदा टाकायचा होता म्हणूनच मारला आहे.

मग ते दुसऱ्या झटक्याला सुरू कसं झालं? स्पार्क प्लग काढून त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडलं की पिस्टनच्या झिजलेल्या रिंगांच्या फटी भरतात. काही मिनिटं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चांगलं लागतं. सुरुवातीला निळसर-पांढरा धूर भरपूर येतो. "टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच," हे उत्तर तयारच असतं. ऑइल जळून गेलं की खरी अवस्था उघडी पडते, आणि तोवर विकणारा चिकोडीच्या पुढे गेलेला असतो.

म्हणून मशीन थंड असताना स्वतः प्लग काढा. टोक ऑइलने ओलं चिंब असेल तर पुसून, दोरी दहा-बारा वेळा ओढून आतलं ऑइल बाहेर काढा आणि मगच प्लगच्या जागी कॉम्प्रेशन मोजायचं गेज लावा. डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी हलकी जावी म्हणून दाब सोडणारा) असेल तर तो बंद ठेवायचा. थ्रॉटल पूर्ण दाबून, काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढायची. १५० पीएसआयच्या आसपास आलं तर उत्तम. ११० च्या खाली असेल तर रिंग-पिस्टनचा खर्च धरूनच भाव बोला.

त्याहून खात्रीची गोष्ट म्हणजे सायलेन्सर काढणं. दोन-तीन बोल्ट, पाच मिनिटांचं काम. एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरी मारली की पिस्टनची बाजू दिसते. तिच्यावर आडव्या बारीक रेषा दिसल्या तर पिस्टन ठीक आहे. उभे ओरखडे म्हणजे पिस्टन एकदा तरी धरलेला, म्हणजे जाम झालेला आहे. एक्झॉस्टच्या बाजूला ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं किंवा मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, होतं. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर फिल्टरमधून धूळ आत गेली. 'उघडायचं नाही, सील तुटेल' असं कोणी म्हटलं तर सौदा तिथेच सोडा. सायलेन्सरला तुटण्यासारखं कसलंही सील नसतं.

शेतकऱ्याच्या मशीनमध्ये क्रँकचं ऑइल सीलही हवा ओढत होतं. ते झाकण्यासाठी कार्बोरेटरचे स्क्रू दोन-दोन फेरे उघडून पेट्रोल वाढवलं होतं. जुन्या टिलॉट्सन कार्बोरेटरला साधारण एक फेरा पुरतो. थ्रॉटल सोडल्यावर आवाज लगेच खाली यायला हवा. वरच रेंगाळत राहिला तर कुठून तरी हवा जाते आहे. फ्लायव्हील हाताने धरून वर-खाली हलवा. खडखडलं तर बेरिंग गेलं.

शेवटची चाचणी लाकडातच घ्या. पंधरा मिनिटं कापा, बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि परत दोरी ओढा. झिजलेल्या रिंगा आणि गरम झाल्यावर दगा देणारी (प्लगला ठिणगी पुरवणारी) कॉइल इथेच सापडतात, थंड मशीनवर नाही. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, कोऱ्या पुठ्ठ्यासमोर धरून रेस करा. चेनच्या ऑइलची रेघ उमटली नाही तर ऑइल पंप बघावा लागेल. चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर, म्हणजे स्प्रॉकेटवर, अर्ध्या मि.मी.पेक्षा खोल खाचा असतील तर तो बदलायचाच. अस्सल जुन्या मशीनमध्येही कार्बोरेटरचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) आणि पेट्रोलची नळी नवी टाका. ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, जुनं रबर खातं. पेट्रोलमध्ये ऑइलचं मिश्रण १:२५, म्हणजे लिटरला ४० मिली टू-स्ट्रोक ऑइल.

चेन ब्रेक आहे का तेही बघा. जुन्या मशीनना तो बहुधा नसतो. बार उसळला तर चेन थांबवायला काहीच नाही, आणि १०६ सीसीचा झटका मनगटाने आवरत नाही.

त्या शेतकऱ्याकडे पावती नव्हती आणि विकणाऱ्याचा फोन बंद लागतो. नकलेचा नवा सिलिंडर-पिस्टन आणि सीलं टाकल्यावर मशीन चालायला लागलं. फणस कापून झाला.