पाट्यांचं दुकान, पण पाटी नाही

आमच्या गाडीत धिरडं गोल होत नव्हतं. तव्यावर पीठ ओतलं की ते सावकाश उजवीकडे सरकायचं. तिकडची कड जाड आणि कच्ची, डावीकडची पापडासारखी करपलेली. यांनी दोनदा तवा बदलून पाहिला. मग एका रात्री झोपेत मी घरंगळत यांच्या अंगावर गेले, तेव्हा कुठे लक्षात आलं की दोष तव्याचा नाही, गाडीच कललेली आहे. ती सरळ करून देणाऱ्या कराडजवळच्या पाटेवाल्यांचं हे परीक्षण. पाटे म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

गाडी म्हणजे जुनी महिंद्रा मार्शल, फोर बाय फोर. मागची बाकडी काढून आम्ही तिच्यात छोटंसं घर केलंय. प्लायची खाट, खाटेखाली खण, दोन शेगड्यांचा ओटा, 60 लिटर पाण्याची टाकी आणि पंखा-दिव्यांसाठी इन्व्हर्टरची मोठी बॅटरी. सुताराला जिथे जागा दिसली तिथे त्यानं सामान बसवलं, आणि पाणी, बॅटरी, गॅस तिन्ही उजव्या अंगाला आले. चालवणारी मीही उजवीकडेच. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, बॅटरी पन्नासच्या आसपास, माझं वजन सांगत नाही. तीस वर्षं शाळेत मुलांना तरफ आणि टेकू शिकवलेल्या बाईच्या गाडीत ही चूक पाच वर्षं सुखानं नांदत होती.

आधी आम्ही शहरातल्या एका चकचकीत गॅरेजात गेलो. नाव लिहीत नाही. काचेची केबिन, थंडगार वेटिंग रूम, बाहेर राक्षसी टायर लावलेल्या जीपा. तिथल्या मुलानं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मॅडम, तीन इंच लिफ्ट देतो, लुकच बदलेल." मी म्हटलं, लुक राहू दे, गाडी सरळ कर. तो हो म्हणाला आणि लुकच बदलून दिला. पुढे लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी), मागे पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळे. 38,000 रुपये. आधी आम्ही कलून झोपत होतो, आता तीन इंच उंचावर कलून झोपायला लागलो.

तेवढंच असतं तर चाललं असतं. पण पुढची शॅकल लांब केली की पाट्याचं एक टोक खाली जातं आणि त्याच्याबरोबर पुढचा ॲक्सलही थोडा फिरतो. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनचा तिरपेपणा, म्हणजे कॅस्टर, बिघडतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपसूक सरळ होतं ते या कॅस्टरमुळे. आमचं होईना. हायवेला सत्तरच्या वर गाडी अशी भटकायची, की यांनी डॅशबोर्डावरचा गणपती दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. मागे उंची वाढल्यानं प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, कोन वाढला, साठला घरघर सुरू झाली आणि दोन महिन्यांत त्याच्या सांध्यातला क्रॉस गेला. जॅकवर चढवून चाक लोंबकळतं सोडलं तर ब्रेकचा होज वीणेच्या तारेसारखा ताणलेला दिसायचा. तक्रार घेऊन गेले तर म्हणे, "मॅडम, लिफ्टेड गाडीची सवय व्हायला वेळ लागतो."

माझा भाचा कराडला राहतो, त्याचा ट्रक उसावर असतो. तो फोनवर म्हणाला, "मावशी, पाट्याचं काम पाटेवाल्याकडं. तू कुठं काचेच्या दुकानात गेलीस?"

तर परीक्षण या पाटेवाल्यांचं. कराडच्या अलीकडे, हायवेच्या सर्व्हिस रोडला, पत्र्याची शेड. दुकान पाट्यांचं, पण दुकानाला पाटी नाही. खूण म्हणजे बाहेर उभे असलेले उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि घणाचा आवाज. आत भिंतीला लावून जुन्या पाट्यांचे ढीग, कलिंगड खाऊन टाकलेल्या साली एकात एक रचाव्यात तसे. मालकांना सगळे मामा म्हणतात. सत्तरीचे असावेत, मनगट माझ्या दंडाएवढं.

आम्ही शहाणपणा करून गाडी रिकामी करून नेली होती. पाहुण्यांकडे जाताना घर आवरतो तसं. मामांनी मागचं दार उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, "संसार कुठाय?"

म्हटलं, घरी काढून ठेवलाय, तुम्हाला काम करायला सोपं जावं म्हणून.

"मग मी रिकाम्या गाडीचा पाटा बांधू का? ताई, संसार घेऊन या. पाणी भरून या. दोघं नेहमी बसताय तसं बसा. आन् ती बॅटरी आधी डाव्या अंगाला न्या. उजवीकडं जादा पाटा घालून गाडी आज सरळ करीन मी, पण उद्या टाकी रिकामी झाली की ती दुसऱ्या अंगाला कलंल."

एक पैसा न घेता आम्हाला परत पाठवलं. सांगलीहून कराड, आणि हात हलवत परत. हे वाटेत गप्प होते. मी मात्र खूश होते, कारण काचेच्या केबिनीत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात सुताराकडून बॅटरी हलवून घेतली, टाकी काठोकाठ भरली, डबे, गाद्या, कुकर सगळं घेऊन गेलो. आता मापं. मामा जमिनीपासून मोजत नाहीत. चाकाच्या मधोमध टेप लावून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजतात, म्हणजे टायरमध्ये हवा कमी-जास्त असली तरी फरक पडत नाही. शॅकल आणि ठोकळे काढून गाडी मूळ पाट्यांवर बसवल्यावर पुढे डावीकडे 16 इंच, उजवीकडे 15.5. मागे डावीकडे 16, उजवीकडे 14.75. बॅटरी हलवूनसुद्धा मागे सव्वा इंच फरक राहिला होता. मामा म्हणाले, यात कुठंतरी तुटलंय.

पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट गंजून एकजीव झाले होते, ते गॅसनं कापले. जुने यू बोल्ट परत वापरायचे नाहीत, ताणून झालेले असतात, हा इथला नियम. पाटे मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढला आणि ते पुस्तकाच्या पानांसारखे सुटे झाले. मागच्या उजव्या संचातला तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकातून आरपार तडकलेला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं, बाकीच्या पाट्यांनी त्याला मधे धरून ठेवला होता. मामांनी तो माझ्या हातात दिला. तडकीत अर्ध्यापर्यंत जुना काळा गंज आणि उरलेल्या भागात ताजी चकाकी. म्हणजे कधीपासून तुटत आला होता आणि परवा-तेरवा उरलेला गेला. तो तुकडा मी मागून घेतला. आता शाळेत जात नाही, नाहीतर धातूचा थकवा शिकवायला याच्यासारखं साधन मिळालं नसतं.

दुरुस्तीचे दोन मार्ग असतात. पाटा गॅसच्या ज्योतीनं लाल करून वाकवायचा, हे दहा मिनिटांचं काम, आणि बरेच जण करतात. पण स्प्रिंगच्या पोलादाला जो ताव, म्हणजे लवचीक कणखरपणा, दिलेला असतो तो अशा अर्धवट उष्णतेनं उतरतो, आणि पाटा महिन्या-दोन महिन्यांत परत झोपतो. दुसरा मार्ग म्हणजे थंड पाट्यालाच ऐरणीवर घणानं कमान देणं. मामांकडे हाच चालतो. एक मुलगा पाटा बोटाबोटानं पुढे सरकवतो, दुसरा घण घालतो, आणि मामा जमिनीवर खडूनं काढलेल्या कमानीवर पाटा ठेवून बघतात. डोळा बारीक करून, शिंपी कापड बघतो तसा. एकेका पाट्याला चाळीस-पन्नास घाव. मी मोजत होते, मग कान बधिर झाले.

मागे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला. मी म्हटलं, त्यापेक्षा एकच जाड घाला ना. मामांनी मान हलवली, जाडानं गाडी दगड होते म्हणाले. बरोबर आहे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नाही, आठपट होतो. हे मला सूत्रानं माहीत होतं, त्यांना मणक्यानं. पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस, पाट्यांच्या टोकांत नवे रबरी बुश, मूळ लांबीच्या शॅकल. आणि एक गोष्ट मी पहिल्यांदाच पाहिली: शॅकलचे बोल्ट त्यांनी गाडी जॅकवर असताना कसले नाहीत. खाली उतरवली, आम्हाला दोघांना आत बसवलं आणि मग पाना मारला. लोंबकळत्या चाकावर कसले की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

शेवटी लेव्हल. माझी अपेक्षा स्पिरिट लेव्हलची होती. मामांनी गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं, एक टोक खाटेच्या उशाला, एक पायथ्याला, मग आडवं. मी मुकाट्यानं एक टोक धरून उभी राहिले. पुढे दोन्हीकडे 17 इंच. मागे डावीकडे 17.5, उजवीकडे 17.25. पाव इंच मुद्दाम आहे का विचारलं तर म्हणाले, "ते घणाला विचारा." गाडी सगळ्यात बसलेल्या कोपऱ्यात अडीच इंच उठली, आणि ती पाट्यावर उठली, ठोकळ्यावर नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली, म्हणजे गाडीच्या मूळ रचनेत बदल केला म्हणून, आरटीओनं हटकावं असे ते ठोकळे आता गाडीखाली उरलेले नाहीत.

तिथेच शेडमागे मी शेगडी पेटवली आणि धिरडी घातली. पहिलं गोल आलं. मामांनी ते उभ्यानं खाल्लं आणि मीठ कमी आहे म्हणाले.

आता कुरबुरी. एका दिवसाचं काम सांगून दोन दिवस लागले, कारण मधेच एक भरलेली उसाची ट्रॉली पाटा तुटून आली आणि सगळे तिकडे धावले. आम्ही ती दुपार प्रीतिसंगमावर काढली, कृष्णा-कोयनेच्या पाण्याकडे बघत. ते ठीक, पण बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, हे ठीक नाही. शेजारच्या हॉटेलवाल्याला विचारावं लागतं. बिल कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर मिळालं: पाटे, यू बोल्ट, बुश, मजुरी मिळून 14,600. शॉकॲब्सॉर्बर चारही आम्ही वेगळे घेतले, ते मामा विकत नाहीत. ॲक्सल चॅसीवर आपटू नये म्हणून असतो तो बंप रबर डाव्या बाजूला लावायचा राहिला, तो मला कुंभार्ली घाटात एका खड्ड्यानं कळवला. आणि गाडी उठल्यावर हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात, ते कोणी सांगितलं नाही. चिपळूणला उतरताना समोरून आलेल्या एका एसटीच्या ड्रायव्हरनं दिवे फडफडवून सांगितलं.

रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर उडते, हे मान्य करायला हवं. भरलेली मात्र चालते छान. क्रॉस नवा घातलाय, घरघर नाही, स्टिअरिंग हात सैल सोडला की आपलं आपण सरळ होतं, आणि गणपतीला कोणी धरून बसत नाही. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्टला परत पाना मारायला बोलावलं होतं. गेलो तर खरंच अर्धा फेरा सैल निघाले. त्याचे पैसे घेतले नाहीत, बंप रबरही लावून दिला, आणि मागची मापं पाव इंचानं बसली होती तेही टेप लावून दाखवलं.

जायचं असेल तर सकाळी आठला पोचा, नंतर ट्रकांची रांग लागते. शुक्रवारी दुपारी बंद. ऊसतोडीच्या हंगामात दोन दिवस धरूनच चला. आणि टाकी भरून न्या, नाहीतर परत पाठवतील.