सात सेन्सर माझेच, पैसे मात्र आठ नव्यांचे

खेड शिवापूरला माझं बटण मशरूमचं शेड आहे. आरएस-४८५ वर (म्हणजे सगळे एकाच दोन वायरींच्या लाइनवर जोडून) तापमान-आर्द्रतेचे सेन्सर लावलेल्यांनी हे वाचाच. माझे ७३,५०० रुपये गेलेत.

ऐन गणपतीत आठही सेन्सरचं 'कम्युनिकेशन एरर' यायला लागलं. पीक निघत असताना शेड १६-१८ डिग्रीवर ठेवावं लागतं, त्यामुळे थांबायला वेळ नव्हता. नऱ्ह्याचा एक ऑटोमेशनवाला बोलावला. लॅपटॉप लावला आणि म्हणाला, "साहेब, सर्ज आलाय, व्होल्टेज एकदम वाढलं. आठही उडालेत." मीटर पिशवीतून काढलाच नाही.

मग एकेक कनेक्टर काढून बघत गेला. चौथा काढला आणि बाकीच्या सातांचे आकडे स्क्रीनवर परत! माझ्या डोळ्यांदेखत. मी विचारलंही, तर म्हणे, "ते तात्पुरतं असतं, आतून वीक झालेत." आणि कनेक्टर परत लावून टाकला. सगळे सेन्सर त्याच दोन वायरींवर बोलतात. एकाची चिप शॉर्ट झाली की तो सगळ्यांचीच लाइन दाबून ठेवतो. हे आज कळतंय हो! मी कॉमर्सचा माणूस, समोरचा तज्ज्ञ म्हणून आलेला. तुम्ही असता तर काय केलं असतंत?

आठ सेन्सर ५४,८००, आयसोलेटर (पुढचा सर्ज सेन्सरपर्यंत पोचू न देणारी डबी) ११,२००, मजुरी ७,५००. जीएसटी बिल "नंतर पाठवतो". जुने सेन्सर "ई-वेस्टला देतो" म्हणून घेऊन गेला. जुना माल कुणालाही नेऊ देऊ नका!

दिवाळीनंतर शेड धुताना एकाचं चकचकीत स्टिकर सुटलं. खाली निळ्या मार्करने ६, शेपूट लांब ओढलेला, बायकोच्या हातचा. बाकीची खरवडली. फक्त चौथा नवा. आयसोलेटरची डबी उघडली, तर आत इकडची वायर सरळ तिकडे जोडलेली. ११,२०० रुपयांची रिकामी डबी!

चौकीत गेलो. "चारशे पंच्याऐंशी रुपयांची तक्रार?" आरएस-४८५ समजावण्यातच अर्धा तास गेला. मग "वस्तू दिली ना त्याने? दिवाणी मामला आहे." अहो, माझीच वस्तू मला विकली, ही फसवणूक नाही तर काय? न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर वेगळंच, "धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही." पोटापाण्यासाठी स्वतः धंदा करणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात सूट आहे, हे मीच त्यांना सांगायचं. त्यावर उत्तर, "ऑनलाइन टाका." टाकली. 'प्रक्रियेत' आहे.

पॉवर बंद करून ए आणि बी या त्या दोन वायरींमध्ये मीटर लावायला सांगा. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर साधारण ६० दिसतात, शॉर्ट असेल तर शून्याजवळ. सेन्सरचे सीरियल नंबर आजच फोटो काढून ठेवा.

नऱ्हे-धायरीकडे आणखी कुणाला असाच 'सर्ज' आला असेल तर कळवा. चार अर्ज एकत्र गेले तर निदान पोच तरी देतील.