एमजीबी जीटी की हायलक्स: नागपुरात कोणती घ्यावी?

घर धरमपेठेत, संत्र्याची बाग काटोलकडे आणि दारात एकाच गाडीपुरती जागा. असं असेल तर माझं मत सरळ आहे, टोयोटाची हायलक्स पिकअप घ्या. हे लिहिताना जिवावर येतं, कारण मित्राची एमजीबी जीटी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, मी हिवाळ्यात चालवली आहे. डिसेंबरच्या सकाळी सेमिनरी हिल्सच्या वळणांवर ती हाती घ्यावी! बैठक इतकी खाली की रस्ता हाताला लागेल असं वाटतं. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे चाकाखालचा खडा न् खडा तळहाताला कळतो. १९६५ साली आलेल्या या दोन दारांच्या कूपेच्या छताची रेषा इटलीच्या पिनिनफारिना या डिझाइन कंपनीची, आणि आजही पार्किंगमध्ये माणसं थांबून बघतात.

खरी परीक्षा मे महिन्यात. २०१३ च्या मेमध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनात दोन्ही एसयू कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारे भाग) आणि धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. सिग्नलला थांबलात की हवा खेळत नाही, खालून एक्झॉस्टची धग लागते आणि कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळू लागतं. धगीपासून आडोसा करणारा पत्रा नीट बसवला, पंखा लावला, तर बराच फरक पडतो. एसीविना काचेच्या मागच्या दारातून येणारं ऊन मात्र सोसावंच लागेल. त्यात आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, म्हणजे जुने रबरी पाइप आणि सील आधी बदलून घ्या. सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही बनतात, ही मोठी सोय.

कागदांचंही बघा. पन्नास वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हीए’ क्रमांकावर व्हिंटेज म्हणून नोंदवली, तर ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच.

हायलक्सकडे २.८ लिटरचं डिझेल इंजिन, २०४ पीएस (हॉर्सपॉवरसारखं माप) ताकद, थंडगार एसी आणि फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना जोर. पावसाळ्यात बागेतली काळी माती चाकांना गोळे धरते, तेव्हा लो गिअरची किंमत कळते. पण गाडी सव्वापाच मीटरहून लांब आहे. इतवारीच्या गल्लीत नेऊ नका. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) असल्याने रिकामी गाडी उसळते. आणि संत्र्यांचे कॅरेट भरण्याआधी कागदावरची वजनमर्यादा वाचा, ती बोलेरो पिकअपपेक्षा बरीच कमी आहे.

रोजची गाडी वेगळी असेल, घरी सावलीचं गॅरेज असेल आणि कार्बोरेटर जुळवणारा मिस्त्री ओळखीचा असेल, तर एमजीबी बिनधास्त घ्या. फक्त ट्रायल भर दुपारी घ्या. सीताबर्डीच्या गर्दीतून अर्धा तास चालवा, दहा मिनिटं बंद ठेवा आणि पुन्हा सेल्फ मारून बघा.