टॉवेल कारखान्यातील विंडोज एक्सपी : माउस, की-बोर्ड आणि मोडेमसह काही महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात नक्षीचे काम ज्या संगणकावर होते, तो आजही विंडोज एक्सपीवर चालतो. जॅकार्डची (मागावर विणल्या जाणाऱ्या कापडातली) नक्षी बेतण्याचा जुना प्रोग्राम प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या डोंगलशिवाय (परवान्याची खूण असलेल्या छोट्या जोडाशिवाय) उघडत नाही आणि नव्या विंडोजवर तो बसतच नाही, म्हणून ही प्रणाली ठेवणे भाग आहे. २००१ मध्ये बाजारात आलेल्या एक्सपीचा आधार (दुरुस्त्या आणि सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे) मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवला. त्यामुळे काही अडले तर पाहायचे आपल्यालाच. गेल्या काही महिन्यांत आलेल्या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ विंडोजमध्ये नव्हते. ते पोर्टमध्ये, वायरीत, सुताच्या तुसात किंवा कोणीतरी पूर्वी करून ठेवलेल्या सेटिंगमध्ये सापडले. दुरुस्तीला येणारा माणूस मात्र पहिल्याच भेटीत ‘फॉरमॅट मारू या’ असे म्हणतो.

माउसच्या बाबतीत आमचा मुख्य शत्रू तूस हाच आहे. टेरीच्या मागांवरून ते दिवसभर उडत असते आणि नक्षीची खोली बंद ठेवली तरी आत येते. गोळीच्या माउसमध्ये ते आतल्या रुळांना गुंडाळते. बाण आडवा नीट सरकतो पण उभा अडखळतो, असे दिसले की उभ्या हालचालीचा रूळच साफ करावा, ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामला) हात लावू नये. ऑप्टिकल माउसमध्ये रूळ नसले तरी खालच्या भिंगाच्या खाचेत एक धागा अडकला, की माउस स्थिर असतानाही बाण थरथरतो. आमच्या टेबलावर काच होती. त्या चकचकीत पृष्ठभागावर ऑप्टिकल माउस भरकटत असे, आणि खाली साधा जाड कागद ठेवल्यावर तो त्रास थांबला.

गोल पीएस/२ पोर्टविषयी एक गोष्ट सर्वांना सांगून ठेवावी लागते. जांभळा पोर्ट की-बोर्डचा आणि हिरवा माउसचा, आणि संगणक चालू असताना यांपैकी कशाचीही पिन काढू वा लावू नये. काढून परत लावलेला माउस बहुधा संगणक पुन्हा सुरू केल्याशिवाय ओळखला जात नाही, आणि कधीकधी मदरबोर्डवरील पोर्ट कायमचा निकामी होतो. बाजारात मिळणारा हिरवा जोड लावला म्हणजे कोणताही यूएसबी माउस तेथे चालेल, हा समजही चुकीचा आहे. ज्या माउसच्या आतील सर्किटला दोन्ही पद्धती कळतात, तोच चालतो.

असे असूनही या संगणकासाठी मी पीएस/२ की-बोर्डच पसंत करतो. एक्सपीमध्ये यूएसबीचे उपकरण एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात घातले, की ‘नवे हार्डवेअर सापडले’ अशी खिडकी पुन्हा उघडू शकते. माउस आणि की-बोर्ड दोन्ही यूएसबीचे असतील आणि दोन्ही ओळखले गेलेले नसतील, तर त्या खिडकीतील बटण दाबायचे कशाने, हा प्रश्न उरतो. शिवाय बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) यूएसबी की-बोर्डचा पर्याय बंद असेल, तर सुरुवातीला एफ८ दाबून सेफ मोडमध्ये (दुरुस्तीसाठी विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू करण्याच्या पद्धतीत) जाता येत नाही, म्हणजे नेमक्या अडचणीच्या वेळी दार बंद. यूएसबी माउस थोड्या वेळाने झोपी जात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधील वीज वाचवण्याची खूण काढावी, आणि पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टचा वापर करावा.

की-बोर्डच्या तक्रारींत खरा बिघाड सर्वांत कमी आढळला. ‘अण्णा, की-बोर्ड गेला’ असे डिझायनरने सांगितले, की मी आधी त्याची उजवी शिफ्ट कळ पाहतो. ही कळ ८ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज सुरू करण्याची विचारणा होते, आणि ती मान्य केली गेली तर पटकन दाबलेली अक्षरे उमटत नाहीत. शिफ्ट ५ वेळा दाबल्यास स्टिकी कीजची विचारणा होते, आणि ती मान्य केली तर शिफ्टसारखी कळ सोडली तरी दाबलेलीच धरली जाते. डाव्या हाताने नक्षीचा भाग निवडताना शिफ्टवर बोट विसावणारच, म्हणून कंट्रोल पॅनेलमधील ॲक्सेसिबिलिटी ऑप्शन्समध्ये जाऊन हे दोन्ही शॉर्टकट बंद केले. दुसरी नेहमीची गोष्ट भाषेची. डावे ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले गेले, की इंग्रजीऐवजी मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कळांची मांडणी) लागते आणि कळा भलतेच काही लिहू लागतात. @ च्या जागी अवतरणचिन्ह येत असेल, तर अमेरिकी मांडणीऐवजी ब्रिटिश मांडणी निवडलेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मोडेमचा विषय जरा लांबतो. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट आणणारा एडीएसएल मोडेम आहे आणि नक्षीचा नेटवर्क प्रिंटरही त्याच्याच लॅन (नेटवर्कच्या वायरीच्या) पोर्टला जोडलेला आहे. पूर्वी संगणक आणि मोडेम यूएसबी वायरीने जोडलेले होते, त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागे आणि तोच वारंवार अडे. नेटवर्कची वायर लावल्यापासून ती कटकट गेली. पडद्यावर ‘६७८’ हा आकडा आला की बहुतेक जण पासवर्ड पुन्हा टाकत बसतात, पण पासवर्डची चूक ‘६९१’ने कळते. ‘६७८’ म्हणजे पलीकडून उत्तरच आलेले नाही. आमच्या मोडेममध्ये पासवर्ड आतच भरलेला असून तो स्वतः जोडणी करतो, मग डेस्कटॉपवरच्या जुन्या ब्रॉडबँड चिन्हावरून पुन्हा डायल केले तर हाच आकडा येत राहतो. ते चिन्ह पुसून टाकले. ‘७६९’ आला तर लॅनची जोडणी बंद केलेली आहे का, ते पाहावे.

मोडेमवरचा डीएसएलचा (टेलिफोनच्या तारेच्या जोडणीचा) दिवा लुकलुकत राहिला, तर संगणकाकडे पाहूच नये. गेटवरील समांतर फोनला फिल्टर (फोन आणि इंटरनेटचे संकेत वेगळे ठेवणारा जोड) नव्हता, तो बसवल्यावर फोन वाजताच नेट तुटण्याचा प्रकार थांबला. एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, मोडेम दुपारी आपोआप बंद होऊन चालू होत असे. तेथे दोष ॲडॉप्टरचा निघाला.

दिवे सगळे स्थिर असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर मोडेमला बोल लावण्यात अर्थ नाही. एक्सपीवर इंटरनेट एक्सप्लोररची ८ ही शेवटची आवृत्ती चालते आणि आजची बहुतेक सुरक्षित संकेतस्थळे तिच्याशी बोलत नाहीत. जीएसटीची विवरणपत्रे आणि बँकेची कामे आम्ही वेगळ्या लॅपटॉपवर करतो, आणि या संगणकाला मोडेममधून प्रिंटरपुरतीच वाट ठेवली आहे.