दीड टन सांगून पाऊण टन दिलं : बोटीच्या बॅलास्टमध्ये आम्ही कसे गंडलो

आम्ही ऊसवाले लोक. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आमच्या सोलापूर जिल्ह्यात, आणि आमच्या आण्णांचं निम्मं आयुष्य "काटा मारला रे काटा मारला" करण्यात गेलं. ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घालायची, चिठ्ठी खिशात ठेवायची, मगच कारखान्याच्या गेटात शिरायचं, ही त्यांची सवय. अशा माणसाच्या पोरानं नुसत्या वजनाच्या मालात, म्हणजे बोटीत भरायच्या वजनाच्या किटमध्ये, १ लाख ८५ हजार घालवले म्हणजे बघा. लाज वाटते सांगायला, पण अजून कुणी त्याच माणसाच्या हातात सापडू नये म्हणून लिहितोय.

माझे दाजी करमाळ्याकडं, उजनीच्या बॅकवॉटरला. हिवाळ्यात हुरडा पार्ट्या करतात, पुण्याची बरीच गिऱ्हाइकं येतात. त्यांनी वेक सर्फिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीच्या मागच्या लाटेवर फळीवर उभं राहायच्या खेळासाठी, ओळखीतून एक जुनी स्की बोट घेतली, १९ फुटी, इंजिन आतमध्ये आणि पंखा बोटीच्या पोटाखाली. हे पंख्याचं मुद्दाम सांगतोय कारण वेक सर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या मागं जेमतेम आठ-दहा फुटांवर असतो, उठेपर्यंतच दोरी धरायची, मग दोरी सोडून बोटीनं उठवलेल्या लाटेवर तसंच फळीवर उभं राहायचं, त्यामुळं मागं पंखा लोंबणारी आउटबोर्ड बोट असेल तर हा नाद करायचाच नाही, पडलेला माणूस सरळ पंख्यात जाऊ शकतो. नोंदणी, परवानगी, लाइफ जॅकेट हे सगळं दाजींनी केलेलं, त्यात आमचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढं.

लाट कशी तयार होते तर बोट पाण्यात जेवढी खोल बसेल तेवढं पाणी ती बाजूला ढकलते आणि तेवढी लाट मोठी. म्हणून बोटीत मुद्दाम वजन भरतात, त्याला बॅलास्ट म्हणतात. ज्या बाजूला सर्फ करायचं त्या बाजूच्या मागच्या कोपऱ्यात जास्त, की लाट उंच आणि उभी होते, आणि थोडं पुढं नाकाकडं, की लाट लांब होते. डावा पाय पुढे ठेवणारा असेल तर डाव्या बाजूला, उजवा पुढे ठेवणारा असेल तर उजव्या. मग ताशी १६ ते १९ किलोमीटरच्या स्पीडनं चालवायचं. वजन बहुतेक पाण्याचंच, पिशव्या असतात मोठ्या, पंप लावून धरणातलंच पाणी भरायचं आणि काम झालं की परत सोडून द्यायचं. एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा. सोपा म्हणूनच आम्ही केला नाही.

हे बॅलास्टचं किट विकणारा तो माणूस इन्स्टावर भेटला. नाव घेत नाही. बोलायला एकदम गोड, दाजींना पहिल्याच फोनवर "दादा तुम्ही नुसती चहाची सोय करा, बाकी माझ्यावर सोडा". किट असं होतं, मागच्या दोन पिशव्या ५०० किलोच्या, पुढची एक ३०० ची, १२ व्होल्टचे तीन पंप ताशी १२०० गॅलनवाले, आणि कोपऱ्यात ठेवायला शिशाच्या दहा थैल्या प्रत्येकी २५ किलो. टोटल १५५० किलो. ९० हजार ॲडव्हान्स, ९५ हजार डेमो झाल्यावर. डेमो झाल्यावर पैसे म्हटल्यावर आम्हाला वाटलं माणूस सरळ आहे, आणि खरी मेख तिथंच होती.

डेमोला तो एकटा आला नाही. बरोबर पाच पोरं आणली, "माझी टीम" म्हणून, एकेक ऐंशी-नव्वद किलोचा गडी. पिशव्या भरल्या, थैल्या ठेवल्या, आणि पोरं व्हिडिओ काढायच्या निमित्तानं डाव्या मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं बसली. कमरेइतकी लाट आली हो! माझा भाचा फळीवर उभा राहिला तेव्हा ताईनं काठावरून शिट्टी मारली. दाजींनी तिथंच मोबाइल काढून ९५ हजार सोडले. चारशे किलो तर ती पोरंच होती, आणि ती शेंगाचटणी-भाकरी खाऊन गाडीत बसून निघून गेली, लाट पण त्यांच्याबरोबर गेली.

पुढच्या रविवारी तेच पाणी, तीच बोट, तेवढाच स्पीड, लाट गुडघ्याच्याही खाली. फोन केला तर म्हणे उजनीत शेवाळ लई, पंपाची जाळी चोकअप झाली असेल. जाळी साफ केली. मग म्हणे होज, म्हणजे पंपाचा पाइप, लांब आहे. ह्यात थोडं तथ्य असतं, पंपावर लिहिलेला आकडा होज न लावता, पाणी वर न चढवता असतो, होज लावली की तो पडतोच. पण किती? १२०० गॅलन म्हणजे ताशी साडेचार हजार लिटर, मिनिटाला ७५. आमचा पंप मिनिटाला १७ देत होता. भाच्यानं नखानं स्टिकर खरवडलं तर खाली दुसरं स्टिकर, त्यावर ५००.

तिथून आमचे डोळे उघडले. मागची एक पिशवी काठावर आणून तट्ट फुगेपर्यंत भरली आणि मग पाण्याच्या त्या निळ्या २० लिटरच्या जारमध्ये रिकामी करत गेलो. ५०० लिटर म्हणजे पंचवीस जार भरायला पाहिजेत. अकरा भरले, बारावा अर्ध्याच्या वर गेला आणि पिशवी सपाट. २३५ लिटर! पिशवीवर छापलेलं माप दीडशे बाय पाऊणशे बाय पंचेचाळीस सेंटिमीटर, गुणाकार केला तर ५०६ लिटर बरोबर येतो, म्हणून मी फसलो. सोलापुरात माझ्या ओळखीचा एक ताडपत्रीवाला आहे, त्याला फोटो दाखवला तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अहो ही उशी आहे की, पेटी नाही. दोन कापडं कडेनं चिकटवलीत, फुगली की रुंदी आत ओढली जाते, गोल झाली की संपलं." त्यानं कागदावर काढून दाखवलं, पाऊण मीटर रुंद दोन कापडांचा घेर दीड मीटर, तो पूर्ण गोल केला तरी दीड मीटर लांबीत पावणेतीनशे लिटरच्या वर पाणी मावूच शकत नाही. ज्या पिशवीला बाजूची भिंत वेगळी शिवलेली असते तिलाच तीन मापांचा गुणाकार लागू. पुढची ३०० वाली भरली १४० लिटर.

आता शिसं. हे आण्णांनी पकडलं. ते शेतावर आले होते, थैली हातात घेतली, वरखाली केली आणि म्हणाले पंचवीस नाही ही. कांद्याच्या काट्यावर टाकली, १७. मग जुन्या स्पीकरचं लोहचुंबक आणलं, आणि ते थैलीच्या कापडावरनंच टक्कन चिकटलं. शिशाला चुंबक चिकटत नाही, हे शाळेतलं ज्ञान, पण १ लाख ८५ हजार देताना आठवलं नाही. थैली फाडली तर आत वर्कशॉपमधली लोखंडाची बारीक टिकली, पंचिंग मारून उरते ती, आणि वाळू. शिसं २५ किलो असेल तर इतक्या छोट्या जागेत मावतं की हातात घेतल्यावर दचकायला होतं, लोखंडाच्या जवळजवळ दीडपट जड असतं ते. हे फुगीर मऊ गाठोडं होतं.

टोटल मारली. दोन पिशव्या ४७०, पुढची १४०, थैल्या १७०. सातशे ऐंशी. पंधराशे पन्नासचे पैसे देऊन सातशे ऐंशी. आण्णा म्हणाले, "कारखान्यानं सुद्धा एवढा काटा कधी मारला नव्हता."

पण खरा घाम मला नंतर फुटला. दाजींनी मधल्या काळात लाट येईना म्हणून डोकं चालवून मागं चार वाळूच्या गोण्या टाकल्या होत्या आणि सहा माणसं बसवली होती. एकदा स्पीड कमी केला तशी बोटीचीच लाट मागून येऊन आत शिरली, घोट्यापर्यंत पाणी. नशीब काठ जवळ होता. मे २०२४ ला आमच्याच पाण्यात, कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेलेत, ते सगळं डोळ्यासमोर आलं. मग मी बोटीवरची ती छोटी पितळी पट्टी पहिल्यांदा नीट वाचली, माणसं आणि सामान मिळून १४०० पाउंड. म्हणजे ६३५ किलो! बॅलास्ट पण त्यातच धरायचं. त्या माणसानं एकदाही विचारलं नाही पट्टीवर किती लिहिलंय. म्हणजे त्यानं इमानदारीत दीड टन दिलं असतं तर आम्ही बुडालोच असतो की. फसवलं म्हणून वाचलो असं म्हणायची पाळी, काय बोलायचं आता. कमी निघालेलं ७८० सुद्धा पट्टीच्या वरच जातंय, आता मागची एकच पिशवी ठेवतो आणि माणसं मोजून बसवतो, लाट येईल तेवढी येईल.

पैशाचं म्हणाल तर नंबर बंद, इन्स्टाचं अकाउंट गायब. ऑनलाइन पैसे उडाले की १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा असतो, आम्ही दोन महिने "येतो दादा, बदलून देतो" ऐकत बसलो. आता ग्राहक आयोगात टाकायचं चाललंय, आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येतं, दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. फक्त बिल दाजींनी हौसेनं कृषी पर्यटनाच्या नावानं घेतलंय, आणि धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक धरत नाहीत, स्वतःच्या पोटापाण्यासाठीचा धंदा असेल तरच, म्हणून वकील आता ते कसं मांडायचं बघतोय. जारमध्ये पाणी मोजतानाचा व्हिडिओ आणि काट्याचे फोटो मात्र भाच्यानं तारखेसकट काढून ठेवलेत, तेवढंच एक शहाणपण.

थैल्या सध्या कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री उडू नये म्हणून ठेवल्यात. आण्णा येता-जाता एखादी पायानं सरकवतात आणि विचारतात, "ही कितीची रं?"